सगळे स्पीकर

— नाही नाही मामा, त्याला नका हात लावू, ते बटण वेगळं आहे. बसा, बसा तुम्ही तसेच स्टीअरिंगपाशी, मी या बाजूनं येतो. हां. सरका जरा. आता बघा, ही जी पडद्यावर चिनी अक्षरं दिसतायत ना, ती काय मोठी भानगड नाही, दोन मिनिटांचं काम — पण खरं सांगा मामा, एवढ्यासाठी गाडी शहराकडे, वैतेलेपर्यंत आणलीत? सावाई बेटावर परत जायचं, दुपारची फेरीबोट गाठायची, त्यात माझ्या दुकानाची वाट वाकडी करून? अक्षरं चिनी असली म्हणून काय रेडिओ लागत नव्हता? राहू दे. विचारत नाही. काल घराण्याची बैठक झाली, मी आलो नाही, आणि आज बैठकीत सगळ्यांच्या वतीनं बोलणारा माणूस माझ्या दारात — मला काय कळत नाही का? कळतं. पण आधी भाषा बदलून देतो. काम आधी, मग जे काय बोलायला आलात ते बोला. चहा घेणार? कोको आहे सकाळचा, गरम करतो. नको? बरं.

बघा इकडे. ही वरवरची सेटिंगं सगळ्यांना दिसतात — आवाज, उजेड, घड्याळ. पण खाली, अगदी तळाला, ही ओळ. फॅक्टरी सेटिंग. दाबली की कोड मागते. हा कोड गिऱ्हाइकाला कोणी देत नाही, आम्हा दुकानदारांनाच ठाऊक — हे घ्या, चार आठ. नाही लागला. ह्याचा दुसरा असणार, एक-दोन-सहा — हां, उघडलं. आता खरी गंमत इथं आहे. गाडी कुठली, चाकावरची बटणं कुठली, मागचा कॅमेरा उलटा की सुलटा, सगळं इथं. चुकीच्या गाडीचं नाव दाबलंत तर पडदा डोक्यावर उभा राहतो, मग बसा बोंबलत. म्हणून माझी पद्धत — बघा, आधी मोबाइल काढायचा आणि प्रत्येक पानाचा फोटो. काही बदलायच्या आधी. गेली एवढी वर्षं काम करतोय, फोटो काढल्याशिवाय एका रेघेला हात लावला नाही. एवढा सांभाळून काम करणारा माणूस मी, आणि गावात काय म्हणतात? पेनीनं मुद्दाम केलं. हो ना? कालसुद्धा कोणीतरी म्हणालंच असेल. म्हणालं की नाही? तुम्ही बोलू नका, तुमच्या भुवया सांगतायत.

तर आता तुम्हीच न्याय करा. तुम्ही त्या संध्याकाळी गावात नव्हतात, सावाईला होतात, तुम्ही ऐकलंय ते सगळं इकडून तिकडून. मी तुम्हाला यंत्रावरच दाखवतो. पाद्रीबाबांची नवी व्हॅन — नवी म्हणजे जपानहून उतरलेली जुनीच, पण मंडळीनं दिलेली — तिला पडदा मी बसवला. देवाचं काम म्हणून बसवला. वर टपावर ते दोन भोंगे आधीपासून होते. वादळाची सूचना द्यायची, कोण गेलं ते सांगायचं, बायकांच्या मंडळाची सफाई कधी ते सांगायचं, सगळं त्या भोंग्यांवर. मी काय केलं, मागच्या स्पीकरची तार भोंग्यांना जोडली, म्हणजे पडद्यावरनं सरळ स्तोत्रं वाजवता येतील. बाबा खूश. म्हणाले, पेनियामिना, तुझ्या हातात देव आहे. मला बरं वाटलं हो. आपल्याला कोण असं बोलतं? घरात कधी कोणी बोललं नाही.

मग बाबा म्हणाले, गाडी चालवताना फोन वाजला की मला उचलता येत नाही, बोटं थरथरतात. मी म्हटलं, त्यात काय — हे बघा, ह्याच पानावर, ही ओळ. फोन आपोआप उचलणे. वाजला की पाच सेकंदांत पडदाच उचलतो. लावली खूण. एक झालं. मग म्हणाले, मला ऐकू कमी येतं. फोनचा आवाज इथं वेगळा असतो, तो पूर्ण वर नेला. आणि आणखी एक — तुमच्या पडद्यात ती ओळ नाही दिसत, तुमचा जुना आहे — फोनचा आवाज कुठून यावा? नुसते पुढचे स्पीकर की सगळे? मी म्हटलं म्हाताऱ्याला चोहोबाजूंनी ऐकू येऊ दे. सगळे. दोन झालं. आणि तिसरं, गाडी बंद केली तरी पडदा अर्धा तास चालू राहावा. ते का? तर बाबांना गाडी उभी करून स्तोत्र संपेपर्यंत ऐकत बसायची सवय. तीन. तिन्ही मी केली, तिन्ही चांगल्या मनानं केली, आणि वेगवेगळी घेतलीत तर तिन्हीत काडीची खोट नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे. मागच्या स्पीकरची तार भोंग्यांना आहे, हे डोक्यातनं पार गेलं. हे यंत्राचं झालं. ह्यात मुद्दाम काय होतं, सांगा?

आता वेळेचं. लोक म्हणतात, संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी कोणता शहाणा माणूस फोन करतो? बरोबर आहे. गावात प्रार्थनेचा शंख वाजला की कुत्रंसुद्धा ओसरीखाली जातं. मी का लहान आहे? पण मामा, ह्या वैतेलेत शंख कोण वाजवतो? इथं संध्याकाळी बसगाड्यांचे भोंगे, त्या समोरच्या दुकानातली गाणी, कोंबडी तळल्याचा वास. इथं राहून राहून माणूस गावाची वेळ विसरतो. मी तर जेवणाआधी प्रार्थनाही — असो. हात धुतले, झाडाखाली बसलो, म्हटलं आता बाबा मोकळे असतील, बोलून घ्यावं. आणि लावला फोन. एवढंच झालं. त्या वेळी सगळं गाव आपापल्या घरात मांडी घालून बसलेलं, रस्त्यावर गावची पोरं काठ्या घेऊन पहाऱ्याला उभी, कोणी हलायचं नाही, आणि बाबांची व्हॅन मधल्या मैदानात. फोन तिच्यातच ठेवून गेलेले बाबा. प्रार्थनेला फोन घरात नेत नाहीत ते, चांगला नियम आहे.

उचलला गेला. मी म्हटलं, बाबा, मी पेनी, बोलू का? उत्तर नाही. पण मागं बारीक स्तोत्र ऐकू येत होतं — घराघरांतनं गात होते ना — मला वाटलं, गाडीत लावलंय. मी म्हटलं, बाबा ऐकतायत. पाद्री लोक असंच ऐकतात हो, मध्ये बोलत नाहीत, गप्प बसून राहतात आणि माणूस बोलत सुटतो. तुम्ही आत्ता बसलायत तसे. आणि अजून सांगतो, हसू नका — माझाच आवाज मला जरा मागून परत ऐकू येत होता. डोंगरावरनं आल्यासारखा. तर मी मनात काय म्हणालो असेन? म्हटलं, ह्या पडद्याचा माइक फार तिखट आहे, पुढच्या वेळी दोन घरं खाली आणायला हवा. मी बहिणीची अब्रू वेशीवर टांगत होतो मामा, आणि मनात माइक दुरुस्त करत होतो.

काय बोललो ते तुम्हाला माहीतच आहे. सगळ्या बेटाला माहीत आहे. तरी सांगतो, माझ्या तोंडून ऐका. मोएलागी माझी धाकटी, न्यूझीलंडहून आई आजारी म्हणून परत आली — हे सगळ्यांना ठाऊक होतं. तेवढंच ठाऊक होतं. ती परत आली नव्हती, तिला तिथून परत पाठवलं होतं. तिकडे एका रात्री दारू पिऊन गाडी चालवली, आणि रस्ता ओलांडणारा एक म्हातारा गेला. तुरुंगात होती ती. सुटल्यावर सरळ विमानात बसवून दिलं. हे आईला माहीत होतं, आई गेली, राहिलो मी. तिनं मला का सांगितलं? तर मी भाऊ आहे म्हणून. आपल्यात भाऊ-बहीण म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायचं? बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. लहानपणापासून तिच्या अंगावर कोणी वाकडा शब्द टाकला तर त्याचं थोबाड फोडायचं काम माझं. आणि फोडलीयत मी, विचारा त्या लाफाईला, त्याचा पुढचा दात अजून नाही. गावात लोक तिला हसायचे, न्यूझीलंडला राहिलेली बाई आणि बसनं हिंडते, गाडी येत नाही होय? ती म्हणायची, नाही येत. चालत जायची, भर उन्हात, रविवारच्या शाळेची पुस्तकं डोक्यावर घेऊन. मी शेजारनं गाडी घेऊन गेलो तरी बसायची नाही. मला कळायचं का ते. झाकली मूठ होती, माझ्या हातात होती.

नाही, मी चहाडी म्हणून सांगितलं नाही. म्हणजे तोंडानं वेगळं सांगितलं. मी म्हटलं, बाबा, तिच्यासाठी प्रार्थना करा. तिच्या मनावर ओझं आहे, ते असं असं आहे. प्रार्थनेसाठी सांगितलं मी. आता पाद्रीला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं? पाद्रीचे कान म्हणजे — काय? शेवटचं? शेवटचं कोण म्हणालं तुम्हाला? तेही ऐकू आलं होय सगळ्यांना. येणारच, सगळे स्पीकर म्हटल्यावर शेवटचं काय वगळणार. हो, म्हणालो मी. 'वडिलांचं नाव कोणाला द्यायचं ते बैठकीत ठरतंय, थोरल्यांच्या कानावर तुम्ही हळूच घाला' — म्हणालो. पण त्याचा अर्थ काय? उद्या ते नाव घेऊन ती मताई झाली, घराण्याची मुखिया म्हणून सभेत बसली, आणि बाहेरच्या कोणीतरी ही गोष्ट उकरली, तर? घराण्याची किती नाचक्की! त्यापेक्षा आधीच, आतल्या आत, गुपचूप — चांगल्यासाठीच म्हणालो. घराण्याच्या चांगल्यासाठी. मला स्वतःला काय करायचंय त्या नावाचं? मी हा असा, ग्रीसनं बरबटलेला, सभेत बोलायला उभा राहिलो तर पाय लटपटतात. मला हौस नाही हो असल्या गोष्टींची.

थांबा, तुमच्या ह्या जुन्या पडद्यात ती स्पीकरची ओळच नाही, त्यामुळे तुम्हाला पटणार नाही. माझ्या गाडीत चला. या, उतरा, इथंच नीरफणसाखाली आहे. बाबांच्या व्हॅनमध्ये आहे तोच पडदा माझ्या गाडीत आहे, एकाच खोक्यातनं आले होते दोन्ही. डोळ्यांनी बघा म्हणजे खात्री पटेल की हे चुकून कसं होतं. बसा. दार जोरात ओढा, लागत नाही नीट. किल्ली फिरवतो, जरा वेळ लागतो ह्याला उठायला — मग तीच सेटिंग, तोच कोड, आणि तिथं खाली —

ते काही नाही.

ते काही नाही मामा, ते जाईल आता. गाडीच्या कंपनीचं चिन्ह असतं ना तिथं, त्याच्या जागी कोणतंही चित्र घालता येतं, फॅक्टरी सेटिंगमधनंच, हौशी पोरं घालून घेतात, कोणी येशू, कोणी रग्बीचा खेळाडू. मी नुसतं करून बघितलं होतं. सहज. अक्षरं कशी दिसतात म्हणून. कुठलं तरी नाव घालायचं म्हणून घातलं — वाचलंत? वाचलंतच. सोनेरी आहे, लांबनंसुद्धा दिसतं. 'सेउलेआ पेनियामिना.' वडिलांचं नाव, आणि पुढं माझं. कधी घातलं? आता कधी ते — बाबांच्या व्हॅनचं काम केलं त्याच्या आधी. आधीच. बैठक ठरली तेव्हाच. बसा ना, उतरताय कशाला. बंद करतो मी हे. बंद केलं. बघा, काळं झालं.

बरं, मग तुम्हाला खोटं कशाला सांगू आता. चोराच्या मनात चांदणं, आणि इथं तर चोरानं चांदणं पडद्यावर लावून ठेवलंय. रोज सकाळी किल्ली फिरवायची आणि ते नाव उजळायची वाट बघायची. बायको एकदा बसली होती शेजारी, तिनं बघितलं आणि खिडकीतून बाहेर बघायला लागली. हवं होतं मला ते नाव. का नको? मी थोरला. वडील आजारी असताना त्यांना पाठीवर घेऊन कोणी हिंडवलं? मी. घराचं छप्पर वादळात उडालं ते कोणी बसवलं? आणि ही येते परदेशातनं, दोन वर्षं रविवारची शाळा घेते, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या पायाला तेल लावते, आणि सगळे म्हणायला लागतात, मोएलागीला द्या, मोएलागी शहाणी आहे, मोएलागीचं बोलणं गोड आहे. तुम्हीसुद्धा म्हणालात ना मामा? मला कळलं होतं. आणि ती शहाणी आहेच हो! तेच तर झोंबायचं. ती खोटी असती तर मी खुशाल तिच्या तोंडावर भांडलो असतो. मला माहीत होतं की ती माझ्याहून चांगली आहे, आणि मला तिची एकच वाईट गोष्ट माहीत होती. एकच. ती मी वापरली. भोंगे नसते तरी वापरलीच असती, हळू आवाजात, आणि तुम्हा कोणाला पत्ता लागला नसता की कोणी वापरली.

मी किती वेळ बोललो असेन? फार वेळ. तोवर गाव बसून. मी नंतर विचारलं, अरे, कोणी उठून बंद का केलं नाही? तर म्हणतात, शंख परत वाजायच्या आत कोण उठणार? पहाऱ्यावरच्या एका पोरानं म्हणे व्हॅनचं दार ओढून पाहिलं, कुलूप होतं. बाबांना ऐकू कमी, त्यांना वाटलं वादळाची काही सूचना चाललीय. त्यांची बायको डोळे मिटून बसलेली, प्रार्थनेतून मध्येच त्यांना उठवायचं कसं! तर गावातल्या प्रत्येक घरात, पोराबाळांसकट, सगळ्यांनी पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत ऐकलं. ओरडून सांगितलं असतं तर अर्धं वाऱ्यानं नेलं असतं. आणि मोएलागी आपल्या घरात, शेजारच्या पोरांना घेऊन प्रार्थनेला बसलेली. मी तिच्या शेजारणीला विचारलं, तिनं काय केलं? शेजारीण म्हणाली, काही नाही, वचन वाचत होती ते वाचत राहिली, फक्त आवाज जरा मोठा केला. पोरांना ऐकू जावं म्हणून. मग शंख वाजला आणि बाबा व्हॅनपाशी आले, आणि मला फोनवर त्यांचा आवाज आला — 'पेनी, तू कधीपासून बोलतोयस? मी तर आत्ता आलो.' बस्स. इथंच, ह्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलो होतो.

आता तुम्ही म्हणाल, माफी मागायची होती. मागायची कशी? परक्या घरातल्या माणसाचं डोकं फोडलं असतं तर रीत आहे. सगळं घराणं पहाटे त्यांच्या दारात जाऊन बसलं असतं, डोक्यावर चटई घेऊन, मान खाली, ते येऊन चटई उचलतील तोवर. उचलली तर माफ. नाही उचलली तर जे व्हायचं ते. पण आपल्याच बहिणीच्या दारात? आपलेच दात नि आपलेच ओठ. घराणं एकच, मग कोणी कोणाच्या दारात बसायचं? थोरल्या काकाला विचारलं, तो म्हणाला, असं कधी झालं नाही, मला माहीत नाही. कोणी बरोबर येईना. मग मी एकटाच गेलो. आईची विणलेली चटई होती, ती नेली. नुसतं फटफटलं होतं. तिच्या दारासमोर गुडघ्यांवर बसलो, चटई डोक्यावर घेतली. आत अंधार होतो मामा चटईच्या, आणि आईच्या पेटीतला वास. पाय ऐकू येतात. आधी कोंबड्या, मग पोरं, मग बायका. जमायला लागले सगळे. कुजबुज. कोणीतरी म्हणालं, फोटो काढ. मी म्हटलं, बघू दे. बघितलंच पाहिजे त्यांनी. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर बसतो. मला जरा बरंसुद्धा वाटायला लागलं होतं, खरं सांगतो. वाटलं, आता लोक म्हणतील, चुकला, पण माणूस कसा आहे बघा.

ती बाहेर आली. तिचे पाय दिसले मला, चटईच्या कडेखालून. झाडू होता हातात. थांबली. मी म्हटलं, आता उचलेल. मी डोळे मिटून घेतले. आणि ती अगदी हळू, मला एकट्याला ऐकू येईल एवढंच बोलली — 'ऊठ पेनी. परत गाव गोळा केलंस तू माझ्या दारात.' चटईला हात लावला नाही. बाजूनं झाडत गेली. माझ्याभोवतीनं झाडलं, जसं एखाद्या दगडाभोवतीनं झाडतात. मग कोणीतरी पोरगं हसलं आणि मी उठलो.

म्हणून आलो नाही मी काल. कुठल्या तोंडानं येणार? तुम्हाला सगळ्यांना वाटलं असेल लपून बसला. लपलोच होतो. इकडे दुकान बंद करून आत बसलो होतो, दिवसभर. मला माहीत आहे तुम्ही कशाला आलायत. घराण्यातनं बाहेर काढलं म्हणून सांगायला आलायत ना? सांगा. तुम्ही बोलणारे आहात, तुम्ही चांगल्या शब्दांत सांगाल, फुलं लावून, पूर्वजांची नावं घेऊन. फुलं नकोत. एका शब्दात सांगा. वडिलांच्या जमिनीवरचं घर सोडायचं असेल तर तेही सोडतो. आणि नाव तिला दिलं असेल तर चांगलंच झालं, तेही सांगा, मी तिच्यासमोर सगळ्यांत मागं बसेन, जिथं चपला ठेवतात तिथं बसेन —

काय?

नाही, ऐकू आलं. कळलं नाही. परत सांगा.

कोणी सुचवलं? काकानं? काकाला काय कळतं, काका उलट्या डोक्याचा — काका नाही? मग? … तिनं? उभी राहून? सगळ्यांसमोर? काय म्हणाली? नाही, तुमच्या भाषेत नका सांगू, तिचे शब्द सांगा. शब्दन्‌शब्द. 'भावानं खोटं काही सांगितलं नाही. ते मीच केलंय आणि ते माझ्याबरोबर राहील. नाव पेनीला द्या.' एवढंच? रागानं म्हणाली का? रडली? मग कशी म्हणाली? — साधी. साधी म्हणजे कशी? भाजी आणायला सांगतात तशी. मग तुम्ही सगळे काय करत होतात? तुम्हाला तोंड नव्हतं? एवढे मोठमोठे बोलणारे, काठ्या टेकून उभे राहणारे, कोणाच्या तोंडून निघालं नाही की हा माणूस त्या लायकीचा नाही? हो, माहीत आहे मला. बहिणीचा शब्द शेवटचा. त्यावर कोणी बोलत नाही. मला शिकवू नका. लहानपणापासून तेच ऐकलंय.

नको म्हणून सांगा. जा आणि सांगा, पेनी नको म्हणाला. — नाही, थांबा. थांबा जरा. नको म्हटलं तर तिचा शब्द मोडला. एकदा तिची अब्रू घालवली, आता तिचा शब्दही घालवू? आणि घेतलं तर? घेतलं तर मी सभेच्या घरात वडिलांच्या खांबाला टेकून बसणार, आणि प्रत्येक सभेत ती समोर. माझ्याकडे बघणार. रागानं बघेल तर चालेल मला, पण ती रागानं बघणार नाही. साधीच बघणार. तिला काय, मला शिक्षा करायची आहे का मामा? की माफ केलंय? तुम्हाला काय वाटलं? तुम्ही होतात तिथं, तुम्ही तिचं तोंड बघितलंत, सांगा ना. मान नका हलवू. काहीतरी बोला. तुम्हालासुद्धा नाही कळलं?

जाऊ दे. निघा तुम्ही. बोट चुकेल. तुमच्या गाडीत आपलीच अक्षरं येतील आता, मी लावून ठेवलीयत, परत चिनी झाली तर सांगा. पैसे? पैसे कसले, जा. शनिवारी नाव घ्यायला येतो म्हणून सांगा. हो, येईन. समारंभाची चटई बायको काढील, पांढरा शर्ट काढील, येईन. आता निघा.

काय म्हणालात? आता काय म्हणून हाक मारलीत मला? नाही मामा, ते नाव नको. पाया पडतो तुमच्या. अजून दिलं नाहीये, शनिवारी द्यायचंय, शनिवारी सगळेच म्हणतील, तेव्हा म्हणा, तेव्हा मला ऐकावंच लागेल. आज पेनी म्हणा. नुसतं पेनी म्हणा एकदा, आणि जा.

म्हणा ना.